खाली केलेली गाडी खड्ड्यात ‘ठक्’ करते? नॉब फिरवण्याआधी स्ट्रोक मोजा

“किती क्लिकवर ठेवू?” शॉकअपवरच्या नॉबने कडक-मऊ करता येणारं ॲडजस्टेबल सस्पेन्शन बसवलेला माणूस आधी हेच विचारतो; नॉबचा एकेक टप्पा म्हणजे एक क्लिक. आणि बहुतेक वेळा गडबड इथूनच सुरू होते.

माझा एक मित्र आहे. दोन दारांची, मागची चाकं ओढणारी (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाणारी) स्पोर्ट्स कार, तीही रोजच्या वापराची. कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग असा उंची लावता येणारा जोड, बसवले. गुळगुळीत रस्त्यावर गाडी अगदी खिळल्यासारखी जायची, पण जरा मोठा खड्डा आला की पुढून ‘ठक्’. कानाला नाही, थेट मणक्याला लागणारा. त्याने नॉब मऊ केला तर ठक् वाढला. कडक केला तर ठक् जरा कमी झाला, पण बारीक खडबडीवर गाडी थरथरायला लागली. दोनदा वर्कशॉपला नेऊन आणली. दर पंधरा दिवसांनी फोन यायचा, आणि शेवटच्या फोनवर त्याने जाहीर केलं की स्प्रिंगच मऊ घेतो. ती घेतली असती तर दणका आणखी वाढला असता. का, ते खाली आकड्यांनिशी सांगतो. रोजच्या गाडीसाठी किट निवडायचं गमक मला तरी त्याच हिशेबात सापडलं.

आधी आवाज ओळखा

सगळ्याच आवाजांचं मूळ एक नसतं, म्हणून आधी वर्गवारी करू.

मोठ्या खड्ड्यात किंवा गतिरोधकावर एकदाच, बोथट, अंगाला जाणवणारा ठक् आला तर संशय बम्प स्टॉपवर, म्हणजे शॉकअप पूर्ण दबण्याआधी त्याला अडवणाऱ्या रबरासारख्या ठोकळ्यावर. बारीक खडीवर, हळू वेगात, हलका ‘टक-टक-टक’ आला तर अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडीचं झुकणं रोखणाऱ्या दांडीच्या) लिंक, वरच्या माउंटचा नट किंवा घासलेला गोलाकार बेअरिंगचा माउंट. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टंग’ करून उडत असेल तर वरचं बेअरिंग अडकतंय, किंवा बसवताना ते राहूनच गेलंय. चाक जॅकवर उचलताना ‘खण्ण’ वाजलं तर स्प्रिंग बैठकीत सैल आहे. किटमध्ये हेल्पर स्प्रिंग असेल, म्हणजे मुख्य स्प्रिंगच्या डोक्यावरची ती चपटी, मरतुकडी दिसणारी दुसरी स्प्रिंग, तर तिची वेटोळी एकमेकांवर मिटताना होणारा हलका टिकटिकाट हा दोष नाही. त्यावर कोणी तुमचे पैसे घेत असेल तर देऊ नका.

आणि एक फसवा प्रकार असतो. पहिला उंचवटा छान जातो, दुसरा जरा लागतो, तिसऱ्याला गाडी लाकडासारखी कडक होते. याच्याकडे नंतर येतो.

यातलं काहीही तपासण्याआधी टायरमधली हवा बघा, टायर थंड असताना. सस्पेन्शनसोबत बहुतेकांनी रिमही मोठी घातलेली असते आणि टायरची भिंत बारीक झालेली असते. तो कडकपणा शॉकअपच्या नावावर खपतो. जुनी चाकं पडून असतील तर एक दिवस ती लावून चालवा. निम्मी तक्रार तिथेच विरली तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

प्लास्टिकच्या पट्टीची परीक्षा

शॉकअपच्या आत जाणाऱ्या चकचकीत दांड्याभोवती वायर बांधायची प्लास्टिकची पट्टी हलकेच आवळा आणि खाली शॉकअपच्या तोंडापर्यंत सरकवा. डस्ट कव्हर असेल तर वर उचलून ठेवा. गाडी चारही चाकांवर, सपाट जागेवर उभी करा, चालकाच्या सीटवर तुमच्याइतकं वजन ठेवा. आता शॉकअपच्या तोंडापासून बम्प स्टॉपच्या खालच्या कडेपर्यंत मोकळा दांडा किती दिसतो ते मोजून कागदावर लिहा. मग तुमच्या रोजच्या रस्त्यावर रोजच्याच वेगाने अर्धा तास चालवून या आणि पट्टी कुठपर्यंत ढकलली गेली ते बघा.

शॉकअप उलटा बसवलेला मोनोट्यूब (एकाच नळीचा) असेल तर दांडा दिसत नाही, पण बाहेरच्या नळीत सरकणारं जाड अंग दिसतं. पट्टी त्यावर बांधायची, हिशेब तोच.

माझा अंदाज असा: रोजच्या गाडीला उभ्या अवस्थेत बम्प स्टॉपपर्यंत २० मिलिमीटरसुद्धा मोकळे नसतील तर तुम्ही स्प्रिंगवर चालत नाही आहात, रबरावर चालत आहात. ३० ते ४० असतील तर बरं. पट्टी बम्प स्टॉपमध्ये थोडी घुसलेली दिसली तर घाबरायचं कारण नाही. आजकालचे बम्प स्टॉप फेसाळ पॉलियुरेथेनचे असतात आणि दबत जातील तसे कडक होत जाणारी ती एक छोटी स्प्रिंगच असते. कंपनीच्या गाड्यांतही तो रोज कामाला येतो. पण प्रत्येक लहान खड्ड्याला तो लागत असेल तर तुमची ६ किलोची (१ मिलिमीटर दबायला ६ किलो लागणारी) स्प्रिंग क्षणात कित्येक पटींनी कडक होते. तोच तो ठक्.

बम्प स्टॉप जागेवर आहे ना, हेही बघून घ्या. “कडक वाटतं म्हणून काढून टाकला” असं सांगणारा एक भेटला होता. त्याच्या शॉकअपचा पिस्टन आतल्या झडपेवर धातूला धातू आदळत होता.

मित्राच्या गाडीत मोकळा दांडा होता जेमतेम २ मिलिमीटर.

दोन मिलिमीटर आले कुठून

पुढच्या एका कोपऱ्यावरचं वजन साधारण ३४० किलो. त्यातून चाक, ब्रेक, हब असं स्प्रिंगच्या खालचं ४० किलो वजा केलं की स्प्रिंगवर येणारे ३०० किलो. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअपच चाकाला वरून धरून ठेवतो ती रचना), म्हणजे चाक १ मिलिमीटर वर गेलं की शॉकअप साधारण ०.९५ मिलिमीटर दबतो. त्यामुळे स्प्रिंगवर प्रत्यक्ष दाब येतो ३०० भागिले ०.९५, म्हणजे सुमारे ३१६ किलो. स्प्रिंग ६ किलो प्रति मिलिमीटरची, तेव्हा ती गाडीच्या नुसत्या वजनाने ५३ मिलिमीटर दबणार.

शॉकअपचा पूर्ण स्ट्रोक, म्हणजे दांडा जितका आत जाऊ शकतो ते अंतर, १२० मिलिमीटर. ५३ वापरले गेले, उरले ६७. बम्प स्टॉप ४५ लांबीचा. म्हणजे तो लागेपर्यंत २२ मिलिमीटर मोकळे असायला हवे होते. थोडे कमीच, पण चालण्यासारखे.

मग वीस गेले कुठे? किट बसवणाऱ्याने गाडी खाली आणायला स्प्रिंगच्या खालची बैठक, ती चुडी (आटे) असलेली कॉलर, २० मिलिमीटर खाली फिरवली होती. खरं तर या किटमध्ये उंची बदलायची सोय वेगळी होती. शॉकअपचं सगळं अंगच खालच्या ब्रॅकेटमध्ये चुडीवर आत-बाहेर होतं. ब्रॅकेटने उंची बदलली तर आतला स्ट्रोक जसाच्या तसा राहतो. कॉलरने बदलली तर जितकी गाडी खाली तितका स्ट्रोक कमी. शिवाय हेल्पर स्प्रिंग नसल्यामुळे चाक लोंबकळताना मुख्य स्प्रिंग २० मिलिमीटर सैल राहायची. जॅकवरच्या ‘खण्ण’चा उगम तिथे.

आता मऊ स्प्रिंगचा बेत तपासू. ६ ऐवजी ४ ची घातली तर ३१६ भागिले ४, म्हणजे ७९ मिलिमीटर दबली असती. १२० तून ७९ गेले, उरले ४१, आणि बम्प स्टॉप तर ४५ चा. गाडी उभी असतानाच रबरावर टेकलेली! परत आधीच्या जागी आणायला २६ मिलिमीटर प्रीलोड (स्प्रिंग आधीच आवळून ठेवणं) द्यावा लागला असता, आणि एवढं करूनही मोठ्या खड्ड्यात मऊ स्प्रिंग जास्त दबणार, म्हणजे स्टॉपवर आणखी जोरात आदळणार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

प्रीलोडबद्दल एक गैरसमज फार घट्ट बसलाय, तोही इथेच मोडून घेऊ. सरळ, एकसारख्या कडकपणाच्या स्प्रिंगला आधीच आवळून ठेवलं तर ती ‘कडक’ होत नाही. ६ ची स्प्रिंग १० मिलिमीटर आवळली तरी पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला ६ किलोच घेते. बदलते ती उंची आणि वर-खाली स्ट्रोकची वाटणी. अपवाद एकच: प्रीलोड इतका दिला की गाडीच्या वजनाने स्प्रिंग मुळी दबतच नाही. मग चाक खड्ड्यात उतरायला जागाच उरत नाही आणि गाडी खड्ड्यांवरून उड्या मारत जाते.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होती. कॉलर वर घेऊन स्प्रिंग हाताने हलणार नाही इतपत टेकवली, आणि उंची खालच्या ब्रॅकेटवरून लावली. ब्रॅकेटने खाली आणताना टायर फेंडरच्या आत जास्त वर जातो हे विसरू नका. स्प्रिंग काढून, जॅकने चाक पूर्ण वर ढकलून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवून टायर कुठे घासतोय का ते आम्ही बघितलं. घासत होता. म्हणून गाडी ठरवल्यापेक्षा १० मिलिमीटर उंच ठेवली. मित्राचं तोंड वाकडं झालं, पण फोन थांबले.

हे काम घरी करणार असाल तर गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही. आवळलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. वरचा नट इम्पॅक्ट गनने मारायचा नाही, दांडा गरगर फिरतो आणि सील खराब होतं.

खाली म्हणजे चांगली, असं नाही

मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत एक गंमत आहे. गाडी खाली आली की खालचा आर्म आडवा होतो, मग बाहेरच्या टोकाला वर चढतो. तसा तो चढला की रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं आणि वळणावर गाडीला झुकवणारा रेटा वाढतो. म्हणजे ४०-५० मिलिमीटर खाली केलेली गाडी त्याच स्प्रिंगवर आधीपेक्षा जास्त झुकू शकते. शिवाय टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडून खड्ड्यात चाक आपोआप वळायला लागतं, स्टिअरिंग हातात नाचतं. रोजच्या गाडीला १५ ते २५ मिलिमीटर पुरे. त्याखाली जायचं असेल तर बॉल जॉइंट आणि टाय रॉडचे सुधारित भाग हिशेबात धरा, नाहीतर फोटोत छान दिसणाऱ्या गाडीवर समाधान माना.

उंची जमिनीपासून नाही, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. टायरची हवा आणि झीज मापात येत नाही.

आता तो नॉब

स्ट्रोक जागेवर आला, आवाज गेले, तरच नॉबला हात लावायचा. आधी तो नेमकं काय बदलतो ते समजून घेऊ.

शॉकअपमधलं तेल पिस्टनमधून दोन वाटांनी जातं. एक बारीक वाट, सुईने कमी-जास्त होणारी, आणि दुसरी पातळ चकत्यांच्या थरांनी झाकलेली मोठी वाट. पिस्टन हळू हलतो तेव्हा, म्हणजे गाडी झुकते, डुलते, ब्रेकला नाक टेकवते तेव्हा, तेल मुख्यतः बारीक वाटेने जातं. खड्ड्याच्या धारदार कडेवर पिस्टन झपाट्याने हलतो, तेव्हा चकत्या वाकून मोठी वाट उघडते. बाजारातल्या बहुतेक किटचा नॉब फक्त त्या सुईला फिरवतो. म्हणून नॉबने गाडीचं डुलणं ताब्यात येतं, पण खड्ड्याच्या कडेचा चटका फारसा जात नाही. तो चकत्यांच्या रचनेत असतो, आणि ती रचना कारखान्यातच ठरलेली असते. ३२ क्लिक असोत की १६, चकत्या वाईट असतील तर तुमच्या हातात फक्त वाईटाचे ३२ प्रकार आहेत.

एकच नॉब असेल तर तो बहुधा रिबाउंडवर, म्हणजे स्प्रिंग परत सुटण्यावर, जास्त परिणाम करतो आणि दबण्यावर कमी. यातूनच मघाचा फसवा प्रकार समजतो. रिबाउंड फार आवळला की खड्ड्यात दबलेलं चाक पुढच्या खड्ड्याच्या आत पूर्ण सुटत नाही. प्रत्येक उंचवट्याला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि तिसऱ्या-चौथ्याला बम्प स्टॉपवर टेकते. चालवणाऱ्याला वाटतं गाडी कडक आहे, स्प्रिंग बदलू. प्रत्यक्षात तीन क्लिक सैल केले की काम झालं. उलट, उंचवट्यावरून उतरल्यावर गाडी एका डुलण्यात थांबायला हवी. ती दोन-तीनदा वर-खाली होत असेल तर रिबाउंड कमी पडतोय.

लावायची पद्धत साधी आहे. नॉब घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा, जोर लावू नका, सुईची बैठक खराब होते. तिथून उलटं मोजा. निर्मात्याने दिलेला मधला आकडा पकडा. एका ॲक्सलच्या दोन्ही बाजू सारख्याच. एका वेळी एकच गोष्ट, दोन-तीन क्लिक, आणि तोच रस्ता, टायरमध्ये तीच हवा. पूर्ण बंदच्या जवळचे क्लिक फार बदल करतात, उघडत गेलं की फरक पुसट होत जातो. त्यामुळे “पंधरावा आणि अठरावा सारखेच वाटतात” हे ऐकून शॉकअप बिघडलाय असं समजू नका. सगळं वहीत लिहा. लक्षात राहतं असं ज्यांना वाटतं त्यांच्या गाडीत डावीकडे ८ आणि उजवीकडे ११ सापडतात.

टायर आतून खाल्ला जातो

हा दुसरा नेहमीचा छळ. दोष कॅम्बरला, म्हणजे समोरून बघता चाक आत-बाहेर कललेलं असण्याला, दिला जातो. पण उणे दीड-दोन अंशांचा कॅम्बर रोजच्या वापरात टायर एकट्याने खात नाही. खातो तो टो, म्हणजे वरून बघता चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं. उंची बदलली की टो बदलतोच, आणि चाकं बाहेरच्या बाजूला उघडी राहिली तर टायर प्रत्येक किलोमीटरला आडवा घासत जातो. नव्या स्प्रिंग आणि माउंट थोडे बसतात, म्हणून आधी कामचलाऊ टो सरळ करून घ्या, काहीशे किलोमीटर चालवा, उंची पुन्हा मोजा, आणि मगच नीट अलाइनमेंट करा. अलाइनमेंटनंतर एक फेरा जरी कॉलर फिरवलीत तरी ते पैसे गेले समजा.

त्याच फेरीत आर्मच्या सांध्यांतल्या रबरी बुशचे बोल्ट बघा. ते चाक लोंबकळत असताना आवळलेले असतील तर गाडी खाली आल्यावर बुश कायम पिळलेले राहतात. त्याने गाडी कडक वाटते, उंची दोन्ही बाजूंना जुळत नाही आणि बुश लवकर फाटतो. सगळे सैल करून, गाडीचं वजन चाकांवर असताना पुन्हा कसायचे.

मग घ्यायचं कुठलं

इथे माझं मत थोडं एकांगी आहे, आधीच सांगतो. रोज चालणाऱ्या गाडीला स्ट्रोक आणि चकत्यांची रचना आधी बघा, स्प्रिंगचा आकडा नंतर, आणि क्लिकची संख्या सगळ्यात शेवटी.

फक्त १५-२० मिलिमीटर खाली आणि जरा ताठ, एवढंच हवं असेल तर उंची न बदलणारा जोडच घ्या: त्या स्प्रिंगसाठी बनवलेले शॉकअप आणि स्प्रिंग. कंपनीच्या शॉकअपवर नुसत्या कडक खाली-स्प्रिंग टाकणं टाळा. स्प्रिंगचा कडकपणा दुप्पट केला तर तिला आवरायला डॅम्पिंग, म्हणजे शॉकअपचा डोलणं रोखणारा जोर, साधारण १.४ पट लागतं. ते आणायचं कुठून? म्हणून अशा गाड्या नावेसारख्या हलतात.

उंची लावायची आहे पण नॉबशी खेळायचं नाही, अशांसाठी बिलस्टीनचं बी१४ किंवा केडब्ल्यूचं व्हेरिएंट १ या जातीचे किट असतात. डॅम्पिंग ठरलेलं, फक्त उंची तुमची. मला रोजच्या गाडीला हा पर्याय सगळ्यात शहाणा वाटतो, कारण चुका करायला जागाच कमी. त्यापुढे केडब्ल्यूच्या व्हेरिएंट २ मध्ये रिबाउंड आणि ३ मध्ये रिबाउंड आणि कॉम्प्रेशन (दबणं) वेगवेगळे लावता येतात. बिलस्टीनच्या बी१६ ला एकच नॉब दोन्ही एकत्र बदलतो. ओहलिन्सच्या रोड अँड ट्रॅकमध्येही एकच नॉब असतो, आणि त्यातली झडप धारदार खड्ड्यात तेलाला दोन्ही दिशांनी पटकन वाट देईल अशी केलेली आहे. टाइनकडे नॉबवर मोटर बसवून गाडीत बसूनच क्लिक बदलायची सोय मिळते. चैन आहे, पण मागच्या शॉकअपचा नॉब डिकीच्या अस्तराखाली दडलेला असेल तर ती चैन वाटत नाही.

दोन-नॉबवाला किट महिन्यातून एकदा ट्रॅकवर जाणाऱ्याने घ्यावा. बाकीच्यांनी कॉम्प्रेशनचा नॉब पहिल्या आठवड्यात एकदा लावावा आणि विसरून जावा. तसंच होतं शेवटी.

स्प्रिंगचा आकडा नुसता वाचून काही कळत नाही, तो चाकापाशी आणावा लागतो. शॉकअप-चाक गुणोत्तराचा वर्ग करून स्प्रिंगच्या आकड्याला गुणायचं. मित्राच्या किटमध्ये पुढे ६, मागे ६. दिसायला समान. पुढे ०.९५ चा वर्ग ०.९०, म्हणजे चाकापाशी ५.४. मागे मल्टिलिंकमध्ये (चाक अनेक आर्मनी धरलेल्या रचनेत) गुणोत्तर ०.७, वर्ग ०.४९, म्हणजे चाकापाशी फक्त २.९. स्प्रिंगवरचं वजन भागिले हा आकडा केलं की पुढे चाकापाशी साधारण ५५ मिलिमीटर दाब येतो आणि मागे २८० किलोला ९५ मिलिमीटर. १५.८ ला या दाबाच्या वर्गमुळाने भागा, सेकंदाला किती डोलेल ते मिळतं: पुढे २.१ हर्ट्झ, मागे १.६.

साध्या कुटुंबाच्या गाड्या १ ते १.५ हर्ट्झच्या आसपास असतात, स्पोर्ट्स कार दोनच्या अलीकडे. २ च्या वर गेलात की रोजच्या रस्त्यावर ते अंगावर येतं. जनरल मोटर्समध्ये १९३० च्या दशकात मॉरिस ओली या अभियंत्याने मांडलेलं तत्त्व अजून कामाला येतं: मागचा आकडा पुढच्यापेक्षा किंचित जास्त ठेवला की उंचवटा ओलांडताना उशिरा हलायला लागलेली मागची बाजू पुढचीला गाठते आणि गाडी घोड्यासारखी मान हलवत नाही. मित्राच्या गाडीत नेमकं उलट होतं, म्हणून ती महामार्गाच्या सांध्यांवर मान डोलवायची. मागे कडक स्प्रिंग घालून हे सुधारतं, पण मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत ओल्या वळणावर तिची शेपूट लवकर सुटते. त्याने मागे ७ ची घातली, हिशेब १.७५ पर्यंत आला, आणि तिथेच थांबलो.

स्प्रिंगवर छापलेल्या आकड्यांत आतला व्यास, लांबी आणि कडकपणा असतो, पण क्रम आणि एकक निर्मात्यागणिक वेगळं. ६ किलो प्रति मिलिमीटर म्हणजे जवळपास ५९ न्यूटन प्रति मिलिमीटर, किंवा ३३६ पौंड प्रति इंच. ६० आणि ६५ मिलिमीटर व्यासाच्या स्प्रिंग सहज मिळतात. किट या मापांचं असेल तर उद्या स्प्रिंग बदलता येईल. भलत्याच मापाचं असेल तर त्या निर्मात्याचे पाय धरावे लागतील.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्नही यातूनच निघतात. पुढच्या आणि मागच्या शॉकअपचा स्ट्रोक किती? तुम्ही सांगता त्या उंचीवर बम्प स्टॉपपर्यंत किती मोकळं? वरचा माउंट रबरी की धातूच्या गोलाकार बेअरिंगचा? धातूचा स्टिअरिंगला चोख असतो, पण रोज चिखल-पाण्यातून जाऊन वाजायला लागतो. रोजच्या गाडीला मी रबरीच घेईन. शॉकअप उघडून पुन्हा बांधता येतो का, आणि सील कुठे मिळतं? मोनोट्यूबमध्ये मोठ्या दाबाचा नायट्रोजन असतो, ते घरी उघडायचं काम नाही. नळीवर तेलाची पुसट ओल दिसली तर पुसून महिनाभर लक्ष ठेवा, ओघळ दिसला तर उतरवा. गाडीत कंपनीचे इलेक्ट्रॉनिक शॉकअप असतील तर ते काढल्यावर डॅशवर दिवा पेटणार. तो शांत करणारा मॉड्यूल किटमध्ये येतो की वेगळा घ्यायचा, हेही आत्ताच विचारा.

पहिल्या दोन प्रश्नांना आकड्यात उत्तर न मिळता “सर, बत्तीस क्लिक आहेत” असं ऐकू आलं तर दुसरं दुकान बघा.

बसवून झालं की चुडीवर आलेली माती दर पावसाळ्याआधी आणि नंतर ब्रशने काढून पाण्याने धुवा, वाळू द्या, मग पातळ संरक्षक स्प्रे मारा. ग्रीस नको, त्यात धूळ चिकटून कॉलर जॅम होते. जॅम झालेली कॉलर मोठ्या पान्याने ओढली तर तिची खाच तुटते आणि चुडी जाते, मग उंची लावता येणारं किट न लावता येणारं होऊन बसतं. मित्राची मागची डावी कॉलर तशी झालीच होती. एक रात्र तेलात भिजवून, सकाळी पाव-पाव फेरा पुढे-मागे करत दोन तासांनी सुटली.